खाणीच्या ढिगावरची हराळी

शेवंता,

तिसऱ्या खोक्याचं काय झालं ते मी सगळ्यात शेवटी सांगणार आहे. तुला हे मुळीच आवडणार नाही, ठाऊक आहे मला. आमच्या घरात पाऊल टाकायच्या आधी तू तेच विचारायचीस. माझी तब्येत, सासूबाईंचे गुडघे, पोरांच्या परीक्षा, सगळं त्याच्या मागून. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तुला गप्प बसून माझं ऐकावं लागणार आहे, तर ही संधी मी सोडणार नाही.

परवा तुझ्या घरी तू गेल्यानंतरचं पुण्यानुमोदन झालं. भन्तेजींनी वंदना घेतली, मग एकेक जण उठून बोलला. शांत स्वभाव, निगर्वी वृत्ती, मितभाषी. मी मागे सतरंजीवर बसून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, ही मंडळी कोणत्या बाईबद्दल बोलतायत? निगर्वी? स्वतःच्या हातच्या वांग्याच्या भाजीपुढे अख्ख्या नागपूरला तुच्छ लेखणारी तू? आणि मितभाषी? वनस्पतिशास्त्राच्या आपल्या खोलीत तू बोलायला लागलीस की पलीकडच्या वर्गातले प्राणिशास्त्रवाले येऊन दार लावून घ्यायचे. दादारावांनी, तुझ्या नवऱ्याने, तेवढ्यात माझ्याकडे पाहिलं आणि आम्हा दोघांनाही हसू आवरेना. आम्ही तोंडाला पदर आणि रुमाल लावला. लोकांना वाटलं आम्ही रडतोय. खरं म्हणजे तेही चाललंच होतं.

मला सारखी ती बस आठवत होती. कॉलेजात आपण दोघी नव्यानेच लागलो होतो. सावनेरच्या पुढच्या त्या मँगनीजच्या जुन्या खाणीवर तू मला पहिल्यांदा घेऊन गेलीस. तिथे तुझ्या आईवडिलांनी दगड फोडले होते, तिथेच तुझा जन्म. परतताना आपल्याजवळ दोन पोती होती आणि हात कोपरापर्यंत काळे.

"बाई, काय हाय पोत्यात?" कंडक्टरने विचारलं.

"माती," तू म्हणालीस.

"अन् त्या दुसऱ्यात?"

"तिच्यातबी मातीच. हे खाणीच्या ढिगावरची, ते बाजूच्या वावरातली."

"काहून? नागपुरात माती नाही काय?"

"हाय ना भाऊ. पण ते शिकेल नाही."

सगळी बस हसली. कंडक्टरही हसला, आणि हसत हसत त्याने दोन्ही पोत्यांचं लगेजचं तिकीट फाडलं. तू नागपूर येईस्तोवर त्याला ढिगावरच्या गवताचं शास्त्र समजावत होतीस. स्टँडवर पोती उतरवून देताना तो मला हळूच म्हणाला, "तुमची मैत्रीण लय हुशार हाय, पण बापा, थकत नाही!"

त्या ढिगाचं आपल्याला एवढं काय लागलं होतं, हे आज कुणाला सांगायला गेले की लोक आधी माझ्या तोंडाकडे बघतात. खाणीतून निघालेला टाकाऊ दगड आणि चुरा वर्षानुवर्षं ओतून झालेली ती टेकडी. काळी, उन्हात तव्यासारखी तापणारी, पावसाचं पाणी क्षणभर न धरणारी. मँगनीज इतकं, की साध्या रोपाची मुळं जागच्या जागी आखडून जातात. आणि तरी तिच्यावर हराळी होती! शेतकरी शिव्या घालत उपटतो ती, देवाला दूर्वा म्हणून वाहतात तीच. खाली वावरात हराळी, वर ढिगावर हराळी, मधे फक्त एक बैलगाडीची वाट. दिसायला दोघी सख्ख्या बहिणी. पण खालची उपटून वर लावली तर ती पिवळी पडून मरायची. मग वरची कशी जगत होती?

माझं उत्तर साधं होतं. सवय. माणसाला होते तशी गवतालाही होते. उमरेडला आमच्या घरी पिढ्यान् पिढ्या हातमाग. माझ्या वडिलांच्या हाताला धोट्याखेरीज दुसरं काही ठाऊक नव्हतं. माझा भाऊ टपाल खात्यात लागला, मी कॉलेजात शिकवायला लागले. एका पिढीत हात बदलले. कोष्ट्याचं पोर कोष्टीच, म्हणणाऱ्यांना आम्ही खोटं पाडलं होतं.

तुझं उत्तर वेगळं. वावरातल्या असंख्य काड्यांत एखादी अशी निघते, जिच्या बियाण्यातच ते मँगनीज सोसायची ताकद असते. वावरात त्या ताकदीला कुणी विचारत नाही. ढिगावर मात्र बाकीच्या मरतात आणि तीच तेवढी उरते. तिची पिल्लावळ तशीच निघते. असे बरेच पावसाळे गेले की ढिगावर एक वेगळंच घराणं उभं राहतं. "ढीग कोणाले शिकवत नाही वं," तू म्हणायचीस. "ढीग फक्त निवडते."

"म्हणजे सगळं जन्मातच असते?" मी भडकले होते. "उद्या हेच कोणी माणसाले लावलं तर? ज्यानं त्यानं आपल्या जन्माच्या जागी राहावं, हेच तर सांगत आले ना लोक आजवर? अन् तू सांगून राहिली हे? तू?"

तू सरळ डबा उघडलास. समोरच्याचा मुद्दा बिनतोड असला की तुला भूक लागायची, हे मला तेव्हाच कळलं. पुढे मी वादात जिंकतेय की हरतेय हे तुझ्या डब्याकडे बघूनच ठरवायची.

निकाल लावायची रीत मात्र आपण दोघींनी मिळून ठरवली. ढिगावरची हराळी आणून बागेच्या चांगल्या खतावलेल्या मातीत लावायची. दर पावसाळ्यात तिचे नवे फुटवे तेवढे घ्यायचे, जुनं मूळ फेकायचं. काही वर्षांनी ढीग पाहिलेलं एकही मूळ तिच्यात उरणार नाही. मग तिला पुन्हा ढिगाच्या मातीत लावायची. सवय असेल तर ती विसरलेली असणार, मरेल, आणि मी जिंकेन. बियाण्यातच असेल तर जगेल, आणि तू जिंकशील. माझ्या सासूबाईंनी हे सगळं गव्हातले खडे वेचता वेचता ऐकलं आणि म्हणाल्या, "बाई माहेर विसरते काय वं कधी?" त्यांचं मत आपण पुराव्यात धरलं नाही.

कॉलेजच्या बागेत बकऱ्या शिरायच्या, म्हणून चहाची तीन लाकडी खोकी, दोनांत ढिगावरची आणि एकात ताडून बघायला वावरातली हराळी, आमच्या प्रताप नगरच्या घराच्या गच्चीवर आली. तीन वर्षं सगळं सुरळीत. चौथ्या वर्षी ती माती बदलायची वेळ जवळ आली, आणि त्याआधी आली गणेश चतुर्थी.

सासूबाईंचा बिचाऱ्यांचा काय दोष? इतकी वर्षं त्या देवाजवळ गाऱ्हाणं घालत होत्या की सूनबाईला कॉलेज सुटत नाही, देवधर्माचं काही सुचू दे. आणि सूनबाईने गच्चीवर खोक्यांतून दूर्वा लावलेल्या! देव पावला म्हणून त्यांचे डोळे भरून आले होते म्हणे. त्या गुडघे धरत गच्चीवर चढल्या, तिन्ही खोक्यांतून त्यांनी चांगल्या लुसलुशीत काड्या मुळासकट ओढून काढल्या, जुड्या बांधल्या आणि गणपतीच्या मस्तकावर चढवल्या. उरल्या त्या शेजारीपाजारी वाटल्या.

तू नेमकी त्याच दुपारी आलीस. चपला काढता काढता खोक्यांचं विचारलंस, आणि माझं तोंड बघून सरळ गणपतीपुढे जाऊन बसलीस. मी दारातच उभी, आता ही काय बोलते या भीतीने. तू दूर्वांच्या त्या ढिगाकडे बघत सासूबाईंना अगदी अदबीने विचारलंस, "आत्याबाई, कोणती काडी कोणत्या खोक्यातली, सांगता येईन काय?"

"देवाले साऱ्या सारख्याच वं बाई," सासूबाई म्हणाल्या.

तू इतकी हसलीस की आरतीला आलेली माणसं थबकली. मग सासूबाईंनी तुझ्या हातावर मोदक ठेवला, तू तो खाल्लास आणि आणखी एक मागितलास. घरी जाताना जिन्यात मला म्हणालीस, "उद्या निर्माल्य काढलं की मले दे. साऱ्या काड्या ढिगाच्या मातीत लावतो. जे जगन ते ढिगावरची, जे मरन ते वावरातली."

"वा गं! म्हणजे सिद्ध करायचं तेच आधी खरं धरलं तू!"

तू जागच्या जागी उभी राहिलीस. विचार केलास. आणि पिशवीतून डबा काढलास. तो डबा रिकामा होता, तरी काढलास. माझ्या आयुष्यातला तो फार मोठा विजय होता, हे तुला कधी सांगितलं नाही.

मग सगळं पहिल्यापासून. पुन्हा सावनेरची बस, पुन्हा पोती. या खेपेला हिवाळा होता. फुटव्यांबरोबर आपल्याला बीही हवं होतं, आणि हराळी बी धरते कमी, धरलेल्यातलंही बरंचसं फोल. ढिगावर उकिडवं बसून बी वेचता वेचता तूच पहिल्यांदा पाहिलंस की वरच्या हराळीला तुरे खालच्या हराळीच्या आधी येतात. खालची फुलायला लागेस्तोवर वरची फुलून मोकळी. "पाह्य," तू म्हणालीस, "खालच्यांसंग रोटी-बेटी बंद! सोयरीक घरातल्या घरात." आणि तुझा चेहरा असा उजळला की जणू ढिगाने तुझ्या कानात गुपित सांगितलं. तुझ्यासारखा आनंद मला आमच्या विषयाने कधी दिला नाही. पण तुझ्याजवळ बसून त्याची ऊब मात्र मी भरपूर घेतली.

त्याच दिवशी, खाली बाभळीपाशी भाकरी सोडताना, तू माझ्या त्या जुन्या प्रश्नाचं उत्तर दिलंस. मी तो विसरलेही होते.

"गवताले पाय नाहीत वं विमल," तू एकदम म्हणालीस. "बी पडलं तिथंच त्याले जगा-मरा लागते. माणसाले पाय हायेत. माह्या मायनं ते वापरले. आधी खाण सोडली, कामठीले जाऊन विड्या वळल्या. मंग छप्पनच्या दसऱ्याले आम्हाले घेऊन दीक्षा घेतली. माती बदलली तिनं. गवताचा हिशोब माणसाले कायले लावून राहिली तू?"

मी काही बोलणार तोच तू बाभळीच्या पलीकडे बोट केलंस. "अन् एक सांगू? माह्या पाठचे दोघं तिथं हायेत. दोघंबी चालायले लागायच्या आधीच गेले. लोक मले पाहून म्हणतात, खाणीवरचे पोरं मोठे काटक. हे दोघं कोणाले दिसत नाहीत ना."

आणि लगेच, "लोणचं घे."

मला लोणचं घेता आलं नाही. तू माझ्या भाकरीवर वाढलंस. त्यानंतर तू तो विषय कधी काढला नाहीस, आणि मीही नाही. पण तुला 'सवय' या एका शब्दाची इतकी चीड का होती ते मला त्या दिवशी कळलं.

आपल्या सरांचा कूलरचा प्रसंग त्याच्या आधीचा की नंतरचा, आता आठवत नाही. मे महिन्यात पेपर तपासायला सगळे विभागात बसायचो. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि खोलीत एकच कूलर. सर विभागप्रमुख, मनाने भले, पण त्यांना घाम सहन होत नसे. त्यांनी कूलरचं तोंड स्वतःकडे वळवून घेतलं आणि अगदी आपुलकीने म्हणाले, "शेवंताबाई, तुम्हाला काही वाटणार नाही. तुम्ही खाणीकडच्या, तुम्हाला उन्हाची सवय असणार." तू उठलीस, खुर्ची उचललीस, कूलर आणि सर यांच्या बरोबर मधे मांडलीस आणि म्हणालीस, "सर, मला थंड हवेचीपण फार लवकर सवय होते." तो सबंध उन्हाळा तू तिथेच बसलीस. सरांना तुझ्या पाठीवरून येईल तेवढी हवा. पण माणूस खरंच भला. पुढच्या वर्षी त्यांनी खटपट करून दुसरा कूलर मिळवला.

या वर्षी पाऊस सुरू झाला तेव्हा आपली हराळी चांगल्या मातीत पुरेशी मुरली होती. ढिगाची माती खोक्यांत भरली तेव्हा तू दवाखान्यात होतीस. पहिल्या खोक्यात वावरातल्या हराळीचं बी, मूठभर, दाट. दुसऱ्यात ढिगावरून थेट आणलेली हराळी. तिसऱ्यात आपली, बागेत लाडाने वाढलेली, ढीग विसरलेली किंवा न विसरलेली. मी भेटायला यायची तेव्हा तुला बोलायला त्रास व्हायचा, तरी पहिला प्रश्न ठरलेला. "तिसऱ्याचं काय?"

"आताच तर लावली. पाणी घालते रोज."

"कमी घाल. लाडानं मारशीन तू."

नर्स हसली. मीही. तू डोळे मिटलेस आणि मिटल्या डोळ्यांनीच म्हणालीस, "हरली तर रडू नको वं." मी म्हटलं, "तू हरलीस तर?" तर म्हणे, "मी? मले तर भूक लागली." त्या दिवशी तू खरोखरच दोन घास खाल्लेस. मला वाटलं, आता ही बरी होते. वेडी आशा. त्या आशेलाही मी आज नावं ठेवत नाही. तिने मला ते दिवस हसत हसत काढू दिले.

तू गेलीस तेव्हा तिसऱ्या खोक्यात काही कळण्यासारखं नव्हतं. रोवलेल्या काड्या तशाच, ना हिरव्या ना पिवळ्या. आठवडाभर मी गच्चीवर गेलेच नाही. पाणी सासूबाईंनी घातलं. त्या आता खोक्यांना हात लावायच्या आधी मला विचारतात.

काल कॉलेजात शोकसभा झाली. निवृत्त झालेले आपले सर मुद्दाम आले होते, काठी टेकत. ते तुझ्याबद्दल मनापासून बोलले. आणि शेवटी म्हणाले, "शेवंताबाई फार कठीण परिस्थितीतून वर आल्या. पण त्यांना सोसायची सवय होती."

मी कधी उभी राहिले मलाच कळलं नाही. माझं नाव बोलणाऱ्यांत नव्हतंसुद्धा.

"सर, सवय नव्हती," मी म्हणाले. "सोसायची सवय कुणालाच होत नसते. पंधरा-सोळा वर्षं मी तिच्याशी याच एका गोष्टीवर भांडले. मी सवयीच्या बाजूची होते. काल सकाळी मी गच्चीवर गेले. आमची तिसऱ्या खोक्यातली हराळी हिरवी आहे, सर. नवे फुटवे फुटलेत तिला. शेवंता बरोबर होती. ढीग कुणालाच तयार करत नाही, तो फक्त मारतो, आणि जे उरतं त्याला आपण काटक म्हणतो. शेवंताच्या पाठची दोन भावंडं त्या खाणीवर गेली. तिला सवय होती म्हणणं म्हणजे त्या दोघांना ती लावून घेता आली नाही असं म्हणणं. ती सोसून वर आली नाही. तिच्या आईने तिला तिथून उचलून बाहेर आणलं, म्हणून आली."

मला वाटलं, आता सरांना वाईट वाटणार. ते खाली बघत बसले होते. सभा संपल्यावर जवळ आले आणि विचारलं, "ती खोकी मला बघता येतील?"

आज सकाळी आले. प्रताप नगरचा आमचा तो अरुंद जिना ते एक एक पायरी करत चढले, मागून सासूबाई "जपून, साहेब, जपून" म्हणत. तिसरं खोकं त्यांनी पाहिलं, वाकून, चष्मा पुसून. दुसरं पाहिलं. मग पहिल्यापाशी थांबले. त्यात वावरातल्या बियाण्याची तीन-चार पाती हिरवी उभी होती. "अरे, यातही जगलीय की!" ते आनंदाने म्हणाले.

"हो सर. पण आजूबाजूला बघा," मी म्हटलं. "मूठभर बी टाकलं होतं मी."

त्या पात्यांभोवती काळी, उघडी माती होती, खोक्याच्या चारी काठांपर्यंत. वाळलेले केसाएवढे कोंब नीट बघितलं तरच दिसत होते. सर बराच वेळ त्या मातीकडे बघत राहिले. सासूबाईंनी आणलेला चहा हातातच निवला.

तर शेवंता, वाद तू जिंकलीस. हरल्याचा इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता. तो तुझ्या तोंडावर सांगता येत नाही, एवढ्यासाठी मात्र मी पोटभर रडले. तू नको म्हटलं होतंस तरी रडले. आणि आता तू काय म्हणाली असतीस तेही मला ठाऊक आहे. एका खोक्यावरून निकाल लावतात काय वं, पुन्हा लाव.

लावते गं. उद्या सावनेरची पहिली बस धरते. पोतं एकटीला उचलवणार नाही, पण कंडक्टरला सांगेन काहीतरी.